चाळीस मिलिसेकंदांची मुदत

नेटबुक नावाचा एक प्रकार मधल्या काळात येऊन गेला. २००७ साली आसुसने सात इंची पडद्याचा ‘ई पीसी’ काढला, दुसऱ्या वर्षी इंटेलने असल्या यंत्रांसाठी ॲटम हा प्रोसेसर आणला, आणि मग दोन-तीन वर्षं जो तो वहीएवढा संगणक काखेत मारून हिंडू लागला. माझ्याकडेही त्यातलाच एक होता. ॲटम एन-२७०, १.६ गिगाहर्ट्‌झ, एक जीबी रॅम, पडदा १०२४ बाय ६०० पिक्सेलचा. टाइप करायला झकास. एसटीत मांडीवर मावायचा आणि शेजारच्याच्या कोपराला लागायचा नाही. या यंत्राने काय करू नये याबद्दल विकणाऱ्यांच्या मनात अजिबात गोंधळ नव्हता. मेल बघा, पत्रं लिहा, पिक्चरबिक्चरच्या भानगडीत पडू नका.

अडचण अशी, की नेमक्या त्याच वर्षांत चित्रं मोठी होत होती. यूट्यूबवर २००८ च्या अखेरीस ७२० ओळींचे व्हिडिओ दिसू लागले, २००९ च्या नोव्हेंबरात १०८० चे. फोटो काढायचे डीएसएलआर कॅमेरे चलचित्रंही घेऊ लागले, आणि लग्नाचे फोटोग्राफर ‘फुल एचडी’ हे शब्द पॅकेजच्या पहिल्या ओळीत छापू लागले. यंत्रं लहान होत चालली होती, चित्रं मोठी, आणि दोघांची गाठ पडायची ती माझ्यासारख्यांच्या टेबलावर.

ही गाठ किती अवघड होती ते साध्या भागाकाराने कळतं. आपल्याकडे टीव्हीचा, आणि त्यामुळे लग्नाच्या व्हिडिओचाही, शिरस्ता सेकंदाला २५ फ्रेमचा. विजेचे ५० हर्ट्‌झ, त्याच्या निम्मे. म्हणजे एक फ्रेम उलगडून पडद्यावर टेकवायला ४० मिलिसेकंदांची मुदत. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. ४० मिलिसेकंदांत ॲटमचे ठोके पडतात ६ कोटी ४० लाख. एका पिक्सेलच्या वाट्याला आले जेमतेम ३१. त्यातच डिस्कवरून फाइल वाचायची, आवाज सोडवायचा, अँटिव्हायरसची बडदास्त ठेवायची, आणि मग उरल्यासुरल्यात तो पिक्सेल.

बरं, पिक्सेल काही फाइलमध्ये आयते मांडून ठेवलेले नसतात. २००३ साली पक्क्या झालेल्या एच.२६४ या पद्धतीत फाइलमध्ये बहुतेक ठिकाणी चित्र नसतंच, सूचना असतात. चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि दर चौकोनाला सांगायचं: मागच्या फ्रेममधला अमुक तुकडा उचल, पाव पिक्सेल डावीकडे सरकव, किंचित उजळ कर, काम झालं. फुल एचडीत असे ८१६० चौकोन. रंगाची माहिती तर मुळातच पाव घेतलेली असते, कारण आपला डोळा उजेड-अंधाराला जितका तिखट, तितका रंगाला नाही. रंगाची ही काटकसर धरूनही, सूचनांऐवजी सगळे पिक्सेल मांडले तर दोन तासांचं लग्न सुमारे ५६० जीबी भरेल. फोटोग्राफर ते आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर देतो, आणि पेन ड्राइव्ह फॅट-३२ चा असेल तर चार-चार जीबीच्या आत बसवायला तुकडे करून.

सत्तरपट! या आकड्याचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेतून सुटते. दाबून भरण्याचे कष्ट फोटोग्राफरच्या धिप्पाड संगणकाने घेतले ते एकदाच. उलगडण्याचे कष्ट मात्र दर वेळी, आणि ज्याच्या घरी फाइल उघडेल त्याच्या यंत्राला. आटोपशीर फाइल दिसली की मला आता पहिला प्रश्न हाच पडतो, की हिचं ओझं नेमकं गेलं कुठे?

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ असाच पेन ड्राइव्हवरून आला. मावशीला तो तेव्हाच्या तेव्हा बघायचा होता आणि घरात दुसरा संगणक नव्हता. हळद, सीमांतपूजन, रुखवत, हे सगळं थोडं अडखळत का होईना, निघालं. मांडवात माणसं बसलेली असतात, मागचा पडदा हलत नाही, फुलांच्या माळा जागच्या जागी. ८१६० पैकी बहुतेक चौकोनांना ‘मागच्यासारखंच’ एवढं सांगून भागतं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हाही ठीक होतं. मग अक्षता पडल्या.

अक्षतांइतकं कठीण काम व्हिडिओ दाबणाऱ्या कुठल्याही पद्धतीला दुसरं नसेल. हजारो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, प्रत्येकाचा वेग वेगळा, काही कॅमेऱ्याच्या पुढ्यातून जाणारे, काही फ्लॅशमध्ये चमकून नाहीसे होणारे. मागच्या फ्रेममधला तुकडा उचलून सरकवावा, तर तसा तुकडा मागे नसतोच. १६ चे चौकोन ८ चे करा, ४ चे करा, तरी पुरत नाही. सूचनांचा डोंगर होतो, आणि तो उपसायला मुदत तीच, ४० मिलिसेकंद. परदेशात या परीक्षेला कागदाचे रंगीत कपटे, पाऊस, समुद्राचा फेस असली दृश्यं घेतात. आपल्याकडे ती सोय दर लग्नात असते, आणि तीही मुहूर्तावर, सगळ्यांना जे बघायचं असतं नेमक्या त्या क्षणी.

तर पडद्यावर असं झालं की गुरुजींचा आवाज खणखणीत पुढे गेला, ‘सावधान’ झालं, ताशा-सनई वाजू लागली, आणि अंतरपाट जागच्या जागी. मामांच्या हातातलं तांबड्या स्वस्तिकाचं ते पांढरं कापड हवेत थिजलेलं. मग एकदम उडी, आणि थेट हार घातलेले नवरा-नवरी. मधलं काही नाहीच.

“अरे, अंतरपाट कधी काढला रे?” मावशी म्हणाली. “मागे घे की जरा.”

मागे घेतलं. पुन्हा तेच.

आवाज पुढे का गेला, हे बघण्यासारखं आहे. व्हिडिओ प्लेअरमध्ये घड्याळ सहसा आवाजाच्या हाती असतं. चित्र मागे पडलं तर आवाज थांबवत नाहीत, चित्रातल्या फ्रेम टाकून देऊन त्याला आवाजापाशी ओढून आणतात. कारण सरळ आहे. पाच-सात फ्रेम गळाल्या तर डोळा सांभाळून घेतो. आवाजात तेवढाच खंड पडला तर खट्‌ होतं आणि ऐकणारा दचकतो. हे संगणकवाल्यांनी नव्याने ठरवलेलं नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी, १९१३ साली, कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं असे, आणि वेग मनगटावर होता. थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाचं अडत नसे. बोलपट आले, फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी आली, आणि वेग हलला की गाणाऱ्याचा सूर हलू लागला. तेव्हा सेकंदाला २४ हा आकडा पक्का झाला. डोळ्याचं तोवर बरं चाललं होतं, मुदत घातली ती कानाने.

एमप्लेअर नावाचा एक जुना, कळकट, विलक्षण कामसू प्लेअर होता. चित्र फारच मागे पडलं की तो तारे-तारे छापून चौकटीत जाहीर करायचा, की हे चालवायला तुमची सिस्टीम फार मंद आहे. त्यातला ‘मंद’ तेवढा मोठ्या अक्षरांत. खाली संभाव्य कारणांची आणि उपायांची यादी. आजच्या ॲपांमधल्या गोडबोल्या ‘काहीतरी चुकलं’पेक्षा मला तो उद्धटपणा फार आवडायचा. निदान रोग सांगून औषधही सांगायचा.

औषधं खरोखरच नामी होती. एच.२६४ च्या फ्रेम एकमेकींच्या आधारावर उभ्या असतात. काही स्वतंत्र, काही मागचीवर अवलंबून, काही मागच्या आणि पुढच्या अशा दोन्हींवर. त्या शेवटच्या प्रकारातल्या पुष्कळ फ्रेम अशा, की त्यांच्यावर मात्र कुणीच अवलंबून नसतं. त्या सोडवल्याच नाहीत तरी पुढचं काही बिघडत नाही. तेवढा एक झटका दिसतो आणि चित्र पुढे चालू लागतं. दुसरं औषध गाळणीचं. चौकोनांच्या सीमारेषा दिसू नयेत म्हणून फ्रेम सोडवून झाल्यावर कडा घासून गुळगुळीत करायच्या, असा एच.२६४ चा दंडक आहे, आणि त्यात प्रोसेसरचा मोठा वेळ जातो. ही गाळणी बंद करायची सोय एमप्लेअरमध्ये होती. सगळीच बंद केली तर मात्र चूक साठत जाते. एका फ्रेमची खडबडीत कड पुढची फ्रेम खरी मानते, त्यावर तिची स्वतःची कड चढते, आणि नवी स्वतंत्र फ्रेम येईपर्यंत नवरीच्या गालावर फरशी बसवल्यासारखे चौकोन दिसत राहतात. म्हणून जाणते लोक ती फक्त बिनआधाराच्या फ्रेमपुरती बंद करत. ज्याच्यावर कुणाची भिस्त नाही त्याच्यावर मेहनत कमी करायची, हा हिशेब ऐकायला जरा निष्ठुर वाटतो, पण डोळ्याला कळत नाही एवढं खरं.

विंडोजवाल्यांचं दैवत वेगळं होतं. कोअरएव्हीसी नावाचा एक विकतचा डीकोडर मिळे, आणि त्याच ॲटमवर ७२० चा व्हिडिओ तो बऱ्यापैकी सरळ चालवी. १०८० ला तोही हात टेके.

या सगळ्या खटपटीत मला सर्वांत चमत्कारिक वाटली ती दुसरीच गोष्ट. नेटबुकचा पडदा १०२४ बाय ६०० चा. त्यावर रुंद चित्र बसतं १०२४ बाय ५७६ चं, म्हणजे ५ लाख ८९ हजार ८२४ पिक्सेल. फाइलमधले पिक्सेल पावणेएकवीस लाख. बिचारं यंत्र घाम गाळून सगळे उलगडायचं आणि त्यातले शंभरात बहात्तर, पडद्यावर मावत नाहीत म्हणून, लगेच चिरडून टाकायचं. जे कुणाला कधी दिसणारच नव्हतं त्याच्या पायी अंतरपाट अडकला होता.

त्यावर उपाय साधा होता. हँडब्रेक हा फुकटचा प्रोग्रॅम घ्यायचा, फाइल ५७६ ओळींची करायला लावायची आणि झोपायला जायचं. काम तेच, यंत्र तेच, उलट मेहनत जास्तच, कारण उलगडून पुन्हा दाबायचं. पण आता मुदत नव्हती. ४० मिलिसेकंदांत हरणारा ॲटम रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुरगुरत बसला आणि एकही फ्रेम न गाळता सगळं लग्न लावून मोकळा झाला. संध्याकाळी अंतरपाट रीतसर निघाला, अक्षता दाणा-दाणा पडल्या. चित्र बारीक केलंय हे मावशीला कळलं नाही, आणि त्या पडद्यावर कळण्यासारखं काही नव्हतंही.

तिसरी वाट खास चिपची. पाट्यावर तुम्ही चटणी वाटाल, डाळ वाटाल, पुरणही वाटाल, पण घाम निघेल. पुरणयंत्राला पुरणाखेरीज काही येत नाही, आणि पुरणात त्याचा हात कुणी धरत नाही. ग्राफिक्स चिपमध्ये एच.२६४ पुरती अशी एक जागा कोरून ठेवली की मुख्य प्रोसेसर स्वस्थ बसतो. नेटबुकांच्या ९४५ चिपसेटमध्ये ती नव्हती. एनव्हिडियाने ‘आयन’ म्हणून जोड दिली ती महागाच्या मोजक्या यंत्रांत. ब्रॉडकॉमने ‘क्रिस्टल एचडी’ नावाचं, वायफाय कार्डाच्या खाचेत बसेल असं एवढंसं कार्ड काढलं. ॲपलच्या २००७ च्या पहिल्या ॲपल टीव्हीत हौशी लोक चक्क वायफाय कार्ड उपटून तिथे ते बसवत आणि इंटरनेटसाठी वायर ओढत. पिक्चर नीट दिसावा म्हणून वायफायवर पाणी सोडणारी ही जमात मला जवळची वाटते.

२०१२ साली रास्पबेरी पाय आला आणि भेद अगदीच उघडा पडला. ७०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, माझ्या ॲटमच्या निम्म्याहून कमी, किंमत ३५ डॉलर, आणि १०८० चा एच.२६४ लोण्यासारखा चालवायचा. कारण ते काम त्याच्या चिपमधली कोरीव जागा करत होती. गंमत पुढे आहे. डीव्हीडीची त्याहून जुनी आणि सोपी असलेली एमपेग-२ पद्धत त्याच चिपला येत होती, पण तिला कुलूप होतं. परवान्याचे २.४० पौंड भरले की किल्लीचा आकडा मिळे, तो एका फाइलमध्ये लिहायचा. ताकद होती, परवानगी नव्हती.

नेटबुकं गेली. आता तोच खेळ जुन्या लॅपटॉपांवर चालू आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ओळखीच्या दुकानातून आणलेला, कुठल्या तरी कंपनीने टाकून दिलेला २०१२-१३ सालचा कोअर आय-फाइव्ह. आपल्याकडे किती मुलांचा पहिला संगणक हाच असतो. त्यात एच.२६४ ची जागा कोरलेली आहे, १०८० हा त्याच्या डाव्या हातचा मळ. तरी यूट्यूब लावलं की पंखा घरघरतो, तळ तापतो, बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. कारण यूट्यूब आता त्याला एच.२६४ देतच नाही. गूगलने २०१३ साली व्हीपी९ पुरा केला, २०१८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून एव्ही१ आणला. त्याच दर्जाचं चित्र त्यांत कमी बिटांत मावतं आणि पेटंटच्या स्वामित्वशुल्काचा जाच टळतो. पण त्या सालच्या चिपला ही भाषा शिकवलेली नाही. मग सगळं पुन्हा मुख्य प्रोसेसरच्या पाठीवर.

कंपनीची बाजू लंगडी नाही. कमी बिट म्हणजे बघणाऱ्याचाही डेटा वाचतो, आणि एक जीबीला शे-दोनशे रुपये मोजण्याचे दिवस आपण पाहिले आहेत. पण आज बहुतेकांच्या घरी डेटा उतू जातो आणि यंत्र म्हातारं आहे. अशा घरात ही बचत कंपनीच्या खात्यात जमा होते आणि खर्च पंख्यावर, बॅटरीवर, विजेच्या बिलावर पडतो. उलट ओझं कंपनीच्या आणि जाळ्याच्या बाजूला आलं तेव्हा काय झालं, तेही आठवतं. मार्च २०२० मध्ये सगळं जग घरी बसलं, आणि यूट्यूबने व्हिडिओ ४८० वर सुरू करायला लावले. तेव्हा दर्जा कमी करायला कुणाला कमीपणा वाटला नाही.

उपाय आहे आणि फुकट आहे. ‘एच२६४ईफाय’ नावाचं एक चिमुकलं एक्स्टेन्शन ब्राउझरला टाकायचं. ते एवढंच करतं, की या ब्राउझरला व्हीपी९ येतच नाही असं यूट्यूबला भासवतं. यूट्यूब मुकाट्याने एच.२६४ काढून देतं, पंखा बसतो. १०८० च्या वर ते मिळत नाही, पण वर जायचंय कुणाला? ब्राउझरलाच बाजूला ठेवायचं असेल तर एमपीव्ही हा प्लेअर आहे; त्याला हार्डवेअर डीकोडिंग चालू करायला सांगितलं की तो त्या कोरीव जागेचा पत्ता शोधून काढतो. बाकीची पथ्यं सर्वांना पाठ असतात. उघडे टॅब मिटवा, चार्जर लावा, पॉवर सेव्हर काढा, पंख्यातली धूळ झटका.

पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी निघाला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच मंडळींनी २०१८ पासून एव्ही१ साठी ‘डेव्हिड’ असा उच्चार होणारा एक डीकोडर लिहायला घेतला. त्यात हाताने लिहिलेल्या असेम्ब्लीच्या ओळींच्या ओळी आहेत, आणि नुसत्या आजच्या प्रोसेसरसाठी नाहीत, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरांना कळतील अशाही. ज्या चिप कुणी विकत नाही त्यांच्यासाठी एकेक ठोका वाचवत बसणारी माणसं पगारी असोत की हौशी, माझ्या लेखी ती भारी आहेत. चिपमध्ये कोरीव जागा नसतानाही जुन्या लॅपटॉपवर एव्ही१ चा ७२० बऱ्यापैकी निघतो, तो त्यांच्या जिवावर.

गेल्या पावसाळ्यात भाच्यासाठी असाच एक जुना लॅपटॉप बघायला दुकानात गेलो होतो. चौदा इंची, कीबोर्डवरची अक्षरं थोडी पुसलेली, बिजागरी घट्ट. एसएसडी घालून घेतली, थर्मल पेस्ट बदलून घेतली, समोरच लिनक्स टाकून एक व्हिडिओ लावून पाहिला. प्रोसेसर दहा टक्क्यांवर निवांत. दुकानदार प्रामाणिक माणूस, पैसे घेण्याआधी म्हणाला, “काका, एक आधीच सांगतो. फोर-के चालणार नाही यावर.”

म्हटलं, “पडदा केवढ्याचा आहे?”

“तेराशे सहासष्ट बाय सातशे अडुसष्ट.”

“मग फोर-के दिसणार कुठे?”

“दिसायचं कोण म्हणतंय?” तो बिल फाडत म्हणाला. “लोकांना चालायला हवं असतं.”